नशेला पडदा, चवीला बंदी

मागील अंकात आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मद्याविषयी टिपण लिहून असे प्रतिपादन केले, की सभ्य मराठी घरात या विषयावर बोलण्यासारखे एकच वाक्य असते, आणि ते म्हणजे मद्य वाईट. त्याच्या जाती, चवी, त्यांची परस्पर तुलना यांची चर्चा करणे म्हणजे व्यसनाला विद्वत्तेची शाल पांघरणे होय. स्नेह्यांच्या हेतूबद्दल आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. ते आयुष्यभर निर्व्यसनी राहिले आणि त्याबद्दल आम्हांस त्यांचा आदरच वाटतो. परंतु त्यांचे प्रतिपादन आम्हांस मान्य नाही. किंबहुना, ज्या मौनाला ते सभ्यता म्हणतात, त्या मौनानेच आपल्या घरांचे सर्वाधिक नुकसान केले, असे आमचे मत आहे. ते येथे सविस्तर मांडण्याची अनुज्ञा असावी.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. आमचे बालपण गौलीगुड्याच्या एका जुन्या वाड्यात गेले. आजोबा निजामी अमदानीत महसूल खात्यात होते. घरात सोवळेओवळे कडक होते आणि मद्याचा उल्लेखही वर्ज्य. आमचे एक काका मात्र पीत असत. ते गच्चीवरच्या खोलीत, दिवा मालवून, घाईघाईने पीत. ते काय पितात हे कोणी विचारले नाही, किती पितात हेही नाही. काकू रात्री त्यांचे ताट झाकून ठेवीत आणि सकाळी बडीशेप पुढे करीत. १९७४ साली काका गेले तेव्हा ते अवघे बेचाळीस वर्षांचे होते. लोकांना सांगितले गेले की कावीळ झाली होती. तेराव्याच्या दिवशी गच्चीवरच्या खोलीतून गोणीभर रिकाम्या बाटल्या निघाल्या आणि रात्रीच्या अंधारात मुसी नदीकडे रवाना झाल्या. सभ्यता राखली गेली. काका मात्र राखले गेले नाहीत.

याच घरात दुसरेही एक दृश्य आम्ही पाहिले आहे. संक्रांतीच्या सुमारास आजोबांचे एक स्नेही आम्हां मुलांना शहराबाहेरच्या आपल्या शेतावर नेत. तेथे गौड मंडळी कमरेला दोर बांधून पहाटेच झाडावर चढत आणि मडकी उतरवीत. मोठ्यांना शिंदी आणि आम्हां मुलांना नुकतीच उतरवलेली गोड नीरा मिळे. त्या मडक्याभोवती बसून ती मंडळी तास तास बोलत: हे झाड गोड, ते झाड जरा तुरट, काल थंडी कमी होती म्हणून आज आंबूस लवकर चढला. त्या बैठकीतून उठताना कोणाचा तोल गेलेला आम्ही कधी पाहिला नाही. याच बैठकीची आठवण काही वर्षांपूर्वी आम्ही एका स्मरणिकेसाठी लिहून पाठवली, तेव्हा ‘विषय अनुचित’ असा शेरा मारून ती परत आली. उघड्यावर बोलत, चाखत पिणारे आजोबांचे स्नेही आणि अंधारात मुकाट्याने पिणारे काका यांपैकी आपल्या समाजाने कोणाची रीत उचलली, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता शब्दाकडे वळू. मराठीत दारूच्या अड्ड्याला ‘गुत्ता’ म्हणतात. हा शब्द आपल्या या प्रांताला चांगलाच परिचित आहे. तेलुगूत ‘गुत्त’ म्हणजे ठेका, मक्ता. मराठवाड्यात आजही रस्त्याचे काम घेणाऱ्यास ‘गुत्तेदार’ म्हणतात, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ मुळात केवळ सरकारी मक्ता असा होता, तो आपण मद्यपानाच्या जागेला चिकटवला. यात आमच्या मते मोठेच सत्य दडलेले आहे. या प्रांतात मद्याचा इतिहास हा पिणाऱ्यांच्या आवडीचा इतिहास कमी आणि मक्त्याचा इतिहास अधिक आहे. हैदराबाद संस्थानात जमीनमहसुलाच्या खालोखाल ज्या बाबींवर तिजोरी उभी होती, त्यांत आबकारी ही एक प्रमुख बाब होती.

इंग्रजी मुलखात निराळे काही नव्हते. मुंबई इलाख्यात १८७८चा आबकारी कायदा आला आणि १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घालणारा कायदा झाला. रानातल्या माणसाने आपल्या झाडाखाली पडलेले फूल वेचणे हा गुन्हा ठरला आणि मक्तेदाराच्या भट्टीतील तीच दारू मात्र कायदेशीर ठरली. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुण्यातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे निषेध नोंदवला, लोकमान्य टिळकांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन चालवले, ते याच पार्श्वभूमीवर. त्यांचा रोष मद्यपानावर होताच. पण प्रजेच्या व्यसनातून उत्पन्न काढणाऱ्या सरकारवरही तो तितकाच होता. आपण त्यांच्या उपदेशाचा पहिला अर्धा भाग भिंतीवर टांगला आणि दुसरा अर्धा सोयीस्करपणे विसरलो.

ही विसरभोळी वृत्ती आपल्या परंपरेची म्हणावी, तर तसेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत आणि प्रत्येकाचे घटकही दिले आहेत. द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मधूला तो ज्या प्रदेशात होतो त्या प्रदेशावरून नाव मिळते, असेही तेथे नमूद आहे. आज ज्याला भौगोलिक मानांकन म्हणून आपण मिरवतो, त्याचे बीज तेथे आहे. त्याच प्रकरणात पानगृहात आसने, सुगंध, फुले आणि पाणी असावे असे सांगितले आहे, आणि मद्य बाहेर नेण्यावर निर्बंधही आहेत. आणखी जवळचे उदाहरण हवे असेल, तर कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ घ्या. ही कल्याणी म्हणजे बसवकल्याण, १९५६पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यातले गाव. त्या ग्रंथात द्राक्ष आणि ऊस यांच्या मद्यांबरोबर ताड, नारळ आणि खजूर यांच्यापासून होणाऱ्या पेयांचीही दखल घेतली आहे. राजाच्या ग्रंथात ताडाला द्राक्षाच्या पंगतीत स्थान होते. आज ते आपल्या दिवाणखान्यात नाही.

याचे कारण काय? कारण आपण पेयाला त्याच्या चवीने नव्हे, तर त्याच्या नावाच्या प्रतिष्ठेने ओळखतो. आमच्या सरकारी कारकिर्दीत ज्या शब्दप्रयोगाने आम्हांस सतत हसू आणले, तो म्हणजे ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’. आपल्याच कारखान्यात, आपल्याच उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात रंग आणि सुगंध मिसळून बाटली भरली, की ती विदेशी. गावच्या झाडावरून सकाळी उतरलेली शिंदी मात्र गावठी. भारतात व्हिस्की म्हणून खपणारे बरेचसे मद्य मळीच्या मद्यार्कावर आधारलेले असल्याने युरोपात त्याला व्हिस्की हे नावच लावता येत नाही. उलट, बंगळूरच्या अमृत कारखान्याने सातूपासून अस्सल व्हिस्की काढून २००४ साली ती थेट ग्लासगो शहरात विक्रीस नेली आणि तेथील जाणकारांनी तिची वाखाणणी केली. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच. पण चव घेणाऱ्याला त्यांतील अंतर कळते, न घेणाऱ्याला कळत नाही. आणि न कळणारा माणूस नेहमी फसवला जातो, हा बाजाराचा जुना नियम आहे.

महाराष्ट्रानेही यात गंमत केली. जानेवारी २०२२मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइनला दारू म्हणावे की नाही यावरच वाद रंगला. वाइन द्राक्षाची, म्हणून तिची बाजू घेणारे प्रतिष्ठित लोक पुष्कळ निघाले. त्याच वर्षी मोह आणि काजू यांच्या मद्याला ‘देशी’च्या वर्गातून काढून ‘विदेशी’च्या वर्गात घालण्याचा निर्णय झाला. हेतू चांगला होता, आदिवासींच्या मालाला भाव मिळावा हाच. पण मोहासारख्या आपल्या रानातल्या फुलाला मान मिळण्यासाठी प्रथम परदेशी व्हावे लागले, याहून बोलका उपरोध कोणता? गोव्याने मात्र हे आधीच ओळखले. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पहिल्या धारेचा हलका उर्राक आणि पुन्हा गाळलेली कडक फेणी हा फरक तेथील शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतो. त्या ज्ञानामुळे गोवेकर जास्त पितात, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

आता आपल्या शहराकडे येऊ. शिंदीच्या झाडाची शिंदी आणि ताडाची ताडी या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. शिंदीसाठी खोडाचा वरचा भाग सोलून छेद देतात. ताडाचा फुलोरा दाबून, त्याचे टोक रोज पातळ कापून रस मिळवतात. थंडीतली ताजी शिंदी पातळ, गोडसर आणि नाजूक वासाची असते. ताडी अंगाने जड आणि उग्र. मडक्याला आतून चुना लावला आणि सूर्योदयापूर्वी उतरवून थंड ठेवली, तर तीच नीरा राहते. तिच्यात मद्य नसते. ऊन चढू लागले की हवेतील किण्व आपोआप काम सुरू करते आणि दुपारपर्यंत ती आंबते. हा सगळा खेळ काही तासांचा आहे. म्हणूनच ताज्या शिंदीची ओळख असणारा माणूस कधीही रात्रीपर्यंत ठेवलेली शिंदी पीत नाही. तेलुगू बोलणारे आमचे शेजारी ‘ईत कल्लु’ आणि ‘ताटी कल्लु’ हा भेद सहज करतात. आपण मराठी लोकांनी शतकभर येथे राहून दोहोंना एकच तुच्छतादर्शक शब्द वापरला.

या अज्ञानाची किंमत गरिबाने मोजली. २००४ साली शहरातील ताडीची दुकाने बंद करण्यात आली, २०१४ साली पुन्हा उघडली. दरम्यान आणि त्यानंतरही झाडे कमी आणि मागणी जास्त, या तफावतीतून भेसळ फोफावली. पाण्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम यांसारखी गुंगीची द्रव्ये मिसळून पांढरे द्रावण ताडी म्हणून विकले जाऊ लागले. २०१५मध्ये निजामाबाद आणि महबूबनगर भागांत भेसळीविरुद्ध कारवाई झाली, तेव्हा त्या गुंगीची सवय लागलेली माणसे तडफडत रुग्णालयात पोचली. जुलै २०२५मध्ये कुकटपल्ली परिसरात भेसळीच्या ताडीने अनेकांचे बळी घेतले. हे सर्व लोक झाडाचा रस पिऊन मेले नाहीत; ते रसाच्या नावाखाली विकलेल्या विषाने मेले. खऱ्या शिंदीची चव ज्या समाजात सर्वांना ठाऊक असते, तेथे असे विष दुसऱ्याच घोटाला उघडे पडते. चवीची ओळख ही श्रीमंताची चैन नाही. ती गरिबाची ढाल होती. ती ढाल हिरावून घेण्यात आपल्या मौनाचाही वाटा आहे. मे २०२३मध्ये हुसेनसागराकाठी सरकारी नीरा केंद्र उघडले, ते आम्हांस स्वागतार्ह वाटते. पण एका केंद्राने गावोगावीचे झाड वाचत नाही.

तरुणांची गोष्ट बिअरची आहे. तेलंगण हे बिअरच्या खपात देशात आघाडीवर असलेल्या राज्यांपैकी एक. परंतु ही बिअर म्हणजे बव्हंशी एकच वस्तू: ‘स्ट्राँग’, म्हणजे पाच ते आठ टक्के मद्यार्काची, दात शिवशिवतील इतकी थंड करून गटागटा संपवायची. बर्फाळ थंडीत जीभ बधिर होते आणि चव कळत नाही. चव कळू नये हाच त्या थंडीचा उपयोग. वस्तुतः बिअर हे मोड आणून भाजलेला सातू, हॉप्स नावाच्या वेलीची फुले, पाणी आणि किण्व यांचे पेय. १५१६ साली बव्हेरियात कायद्याने सांगून टाकले, की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांव्यतिरिक्त काही घालावयाचे नाही. थंडीत सावकाश आंबवली की लागर होते, उबेत लवकर आंबवली की एल. १८४२ साली पिल्सेन गावात सोनेरी, स्वच्छ, किंचित कडसर लागर निघाली आणि तिची नक्कल जगभर झाली. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो केळी किंवा लवंग घातल्याने नव्हे, तर किण्वाच्या जातीमुळे. काळ्या स्टाउटला कॉफीसारखा कडूपणा येतो, तो करपेपर्यंत भाजलेल्या सातूमुळे.

हे सारे आम्ही पुस्तकातून नव्हे, तर निवृत्तीनंतर मुलासमवेत या शहरातल्या एका छोट्या भट्टीवजा पानगृहात बसून शिकलो. तेथे चार प्रकार लहान लहान पेल्यांत पुढे ठेवतात. बापलेकांनी दोन तास त्या चार पेल्यांवर वाद घातला. आम्हांस गव्हाची आवडली, चिरंजिवांना काळी. सगळे मिळून एका मोठ्या बाटलीएवढेही आमच्या पोटात गेले नाही. आमच्या मनात त्या संध्याकाळी सारखे गच्चीवरचे काका येत होते. त्यांच्यासमोर असा कोणी बसला असता तर?

सरकारला मात्र या तुलनेत रस नाही. जानेवारी २०२५मध्ये युनायटेड ब्रुअरीजने दराच्या आणि थकबाकीच्या वादातून राज्याला बिअरचा पुरवठा थांबवला; पुढे पुरवठा सुरू झाला आणि फेब्रुवारीत दरात १५ टक्के वाढ मंजूर झाली. त्या महिन्याभरात वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती दराची, तुटवड्याची, महसुलाची. सौम्य बिअर स्वस्त आणि तीव्र बिअर महाग करून लोकांना हलक्या पेयाकडे वळवावे, असा आवाज आमच्या तरी कानावर आला नाही. २०२३ साली राज्यातील २,६२० दुकानांचे परवाने सोडतीने दिले गेले. परत न मिळणारे अर्जशुल्क दोन लाख रुपये होते, आणि केवळ या अर्जांतूनच अडीच हजार कोटींहून अधिक रक्कम जमा झाली. नाव बदलले, गुत्ता तोच आहे. ग्राहकानेही मग साधा हिशेब शिकून घेतला: रुपयाला नशा किती? चव हा प्रश्न उरलाच नाही.

आमचे स्नेही म्हणतील, मग सरसकट बंदीच का नको? या प्रश्नाला आम्ही हलकेपणाने घेत नाही. नेल्लूर जिल्ह्यातील दूबगुंट्याच्या बायकांनी १९९२ साली सारायविरुद्ध जे रान उठवले, ते न्याय्य होते. त्यांच्या घरातली चूल विझत होती. १९९३ साली सारायवर बंदी आली आणि जानेवारी १९९५पासून संपूर्ण दारूबंदी झाली. त्या काळात आम्ही एका जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीस होतो. पहिले काही महिने गावे खरोखर शांत झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पण पुढे शेजारच्या राज्यांतून बाटल्या येऊ लागल्या, आणि त्या घेणाऱ्यांत आमच्यासारखी शिकली-सवरलेली मंडळीच पुढे होती. १९९७ साली बंदी शिथिल झाली. महाराष्ट्रात चंद्रपूरची बंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बायकांची मागणी होती, की नवऱ्याने माणसासारखे वागावे. सरकारने दिले बाटलीला कुलूप. कुलूप तुटले की जुना माणूस जसाच्या तसा बाहेर आला, कारण त्याला कोणी काही शिकवलेच नव्हते.

स्नेह्यांचे अखेरचे अस्त्र म्हणजे गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने मराठी घराला धाक घातला, तो उचितच होता. त्यातील आर्यमदिरामंडळ आम्ही विसरलेलो नाही, आणि पिण्याला तत्त्वज्ञानाचे कपडे चढवणाऱ्या त्या मंडळींत आमची गणना होईल, याची भीतीही आम्हांस आहे. पण नाटक पुन्हा वाचावे. सुधाकर पेला उचलतो तो चव घेण्यासाठी नव्हे. त्याचा दरबारी अपमान झाला आहे, सनद गेली आहे, आणि त्याला विसरायचे आहे. विसरण्यासाठी पिणाऱ्याला पेल्यात काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. तुलना करणाऱ्याला जागे राहावे लागते. झिंगलेल्या जिभेला दोन पेल्यांतले अंतर सांगता येत नाही. ज्या क्षणी चव कळेनाशी होते, त्या क्षणी थांबणे, हा रसिकतेचाच नियम आहे. गाणे ऐकणाऱ्याने झोप येऊ लागताच उठून जावे, तसे.

तरीही काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सर्वस्वी निर्धोक नाही. ते खरे मानूनच आम्ही बोलतो आहोत. मद्य औषध नाही, पराक्रम नाही, आधुनिकतेचे प्रमाणपत्र तर मुळीच नाही. न पिणाऱ्याला आग्रह करणे हा असंस्कृतपणा आहे, आणि ज्याला थांबता येत नाही त्याने पहिला घोटही घेऊ नये. काकांना रसिकतेचे धडे देऊन त्यांचे व्यसन सुटले असते, असा आमचा दावा नाही. त्यांना वैद्याची गरज होती. पण वैद्याकडे नेण्यासाठी प्रथम घरात कोणीतरी बोलावे लागते, आणि ज्या घरात पेयाचे नाव उच्चारता येत नाही तेथे रोगाचे नावही उच्चारले जात नाही.

म्हणून आमचे मागणे अगदी साधे आहे. सरकारने कर बाटलीवर न लावता तीतील मद्यार्काच्या प्रमाणावर लावावा, म्हणजे हलके पेय स्वस्त आणि कडक पेय महाग होईल. ताडीच्या प्रत्येक दुकानातील नमुन्याची नियमित तपासणी व्हावी आणि तिचा निकाल दुकानाच्या दारावर लावला जावा. शिंदीची आणि ताडाची झाडे तोडून वसाहती उभारणाऱ्यांना चाप बसावा. आणि आपल्या घरांतून, प्यावे की न प्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे, पण जो पितो त्याने उजेडात, माणसांत बसून, काय पितो ते सांगून प्यावे. या मंडळाच्या पत्रिकेने जुन्या कुटुंबांकडून शिंदीच्या, नीरेच्या, मोहाच्या आठवणी आणि शब्द गोळा करावेत, असेही आम्ही सुचवतो. ते शब्द ठाऊक असलेली आमची अखेरची पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे.

गौलीगुड्याचा तो वाडा आता राहिला नाही. तेथे चार मजली इमारत उभी आहे. काकूंना अखेरच्या आजारपणात आम्ही एकदा धीर करून विचारले, “काकू, काका नेमके काय पीत होते?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बाळा, मी कधी विचारलेच नाही. विचारायचे नसते ना.”

ते विचारायला हवे होते. एवढेच आमचे म्हणणे आहे.